मुंबई ते कराची: अंतर तेवढंच, वेळ मात्र वाढला

आज ऐकताऐकता एक काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि मुंबई ते कराची सरळ रेघ मोजा. साधारण ८८० किलोमीटर भरतील. मुंबई-दिल्ली याहून लांब आहे, जवळपास ११५० किलोमीटर. म्हणजे मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ! मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मलाही खरं वाटेना, परत मोजलं.

आता मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२, कराचीचा द्रिघ रोड विमानतळ. लंडनहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने टपाल कराचीपर्यंत यायचं. ते पुढे मुंबईला हवाईमार्गे आणायची योजना टाटांनी आखली होती. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले. विमान पस मॉथ, एका इंजिनाचं. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. खाली बघायचं आणि दिशा धरायची. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकलं. थांबा धरून सव्वासात तास. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. हीच पुढे एअर इंडिया झाली.

जुहूची धावपट्टी म्हणजे तरी काय, किनाऱ्यालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात भरतीचं पाणी आत शिरायचं. मग मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर!

या प्रवासात परदेश कुठेच लागला नाही, बरं का. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, १९३६ साली वेगळा झाला. कराचीत मराठी माणसं नोकरीधंद्याला जात, राहत. तिथली एन.जे.व्ही. शाळा आजही आहे. ते 'व्ही' म्हणजे वैद्य, नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधमधल्या शिक्षणखात्यातले आपले मराठी अधिकारी.

मग १९४७ आलं. मधे सीमा आली, युद्धं झाली. तरी १९८२ साली, त्या पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून निघाले. तशाच छोट्या, एका इंजिनाच्या लेपर्ड मॉथमधून, एकटे. आणि मुंबईला सुखरूप उतरले. १९६५ आणि १९७१ होऊन गेल्यावरही दोन्हीकडच्या सरकारांनी या म्हाताऱ्या वैमानिकाला वाट दिली, हे मला फार मोठं वाटतं.

आज जेट विमानाला हे अंतर दीड तासाचं. पण थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर आधी मुंबई-दुबई सुमारे १९०० किलोमीटर, मग दुबई-कराची सुमारे १२००. जवळजवळ साडेतीन पट फेरा. हवेतच पाचएक तास, वर दुबईत ताटकळणं वेगळं. पुढचं विमान लगेच मिळालं नाही, तर जेआरडींचं पस मॉथ तुमच्या आधी पोचलेलं असेल!

विमानं एवढी वेगवान झाली, आणि आपल्याला जास्त वेळ लागतोय. तो नकाशा अजून उघडा असेल तर ती सरळ रेघ पुन्हा एकदा बघा. १९३२ साली ती रेघ एका माणसाने, एका सकाळीत पार केली होती.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!