एका सूर्याच्या अनेक काचा

शके १८१९ च्या पौष अमावास्येला, म्हणजे शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी, चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर उतरली. तिथून करमाळ्याकडचे जेऊर, मग वऱ्हाड आणि वर्धा असा तिरका पट्टा ओढत ती ईशान्येकडे निघून गेली. पट्ट्याची रुंदी शंभर किलोमीटरच्या आतच होती. भोकरदन तालुक्यातला आमचा धावडा या पट्ट्याच्या उत्तरेला शंभराहून अधिक किलोमीटर राहिला. इथल्या लोकांना सूर्याची बारीक कोर तेवढी दिसली असणार, काळोख नव्हे. आधीच्या वर्षी दुष्काळ होऊन गेला होता, मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती. अशा दिवसांत जगातल्या नावाजलेल्या वेधशाळांची माणसे काचा, नळकांडी आणि दुर्बिणी घेऊन महाराष्ट्रात उतरली होती.

विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता आणि त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते. जेऊरला दोन तळ पडले. एक कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेल यांचा. त्यांच्याकडे तब्बल ४० फुटी कॅमेरा होता. दुसरा पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. तळणीला वॉल्टर आणि अॅनी माँडर हे दांपत्य आणि पुढे कोडाईकनालचे संचालक झालेले जॉन एव्हरशेड होते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. तळणी म्हटले की जालन्याच्या माणसाला मंठा तालुक्यातले गाव आठवते. ही तळणी ती नव्हे. ही पुलगावजवळची, नागपूरच्या लोहमार्गावरची. जेऊरचेही तसेच. नगर जिल्ह्यातही एक जेऊर आहे, पण ग्रहणाचे जेऊर सोलापूर जिल्ह्यातले, रेल्वे स्टेशनचे. एकाच नावाची दोन गावे एकावर एक ठेवली गेली की इतिहासाचा नकाशा बिघडतो. नेमका हाच धोका सूर्याच्या छायाचित्रातही असतो, म्हणून आधी छायाचित्राकडे वळू.

खग्रास स्थितीत चंद्राच्या काळ्या चकतीभोवती प्रभामंडल, म्हणजे करोना, दिसते. कडेशी ते झगझगीत असते आणि दोन-तीन सूर्यत्रिज्या दूर गेले की त्याचे तेज शेकडो पटींनी उतरते. डोळा हा फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतो. काचेला ते जमत नाही. क्षणभर उघडलेल्या काचेवर कडेच्या ज्वाला स्वच्छ उतरतात, पण लांबचे किरण बेपत्ता होतात. काच बराच वेळ उघडी ठेवली तर लांबचे किरण येतात आणि आतला भाग पांढराफटक पडतो. म्हणून निरीक्षक त्या दोनेक मिनिटांत कमी-अधिक वेळाच्या अनेक काचा घेत. तळणीला अॅनी माँडर यांनी जेमतेम दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक किरण सुमारे ६० लाख मैलांपर्यंत टिपला. तोवर इतका लांब किरण कुणाच्याच काचेवर उतरलेला नव्हता.

पण या सगळ्या काचांमधून एक सूर्य कसा उभा करायचा? त्या काळी हे काम चित्रकाराच्या हाताने होई. १८७१ च्या ग्रहणाच्या उटकमंड आणि बैकल इथल्या काचा समोर ठेवून लंडनच्या विल्यम वेस्ली यांनी प्रभामंडलाचे चित्र काढले. एका काचेतला आतला भाग, दुसऱ्या काचेतला बाहेरचा, आणि दोन्हींत आढळेल तेच खरे. जे एकाच काचेवर आहे तो कदाचित काचेचाच डाग असेल! आजच्या भाषेत सांगायचे तर वेस्ली थर एकावर एक रचत होते. फरक इतकाच की त्यांचे थर कागदावर, पेन्सिलीच्या टोकाशी एकत्र येत.

आज हेच काम संगणकावर होते. वेगवेगळ्या वेळेच्या प्रतिमा एकावर एक ठेवायच्या, प्रत्येक थराचा जो भाग नीट आला असेल तो राखायचा, उरलेला मुखवट्याने झाकायचा, आणि सांधा दिसू नये म्हणून कडा एकमेकींत विरघळवायच्या. झेकियातील ब्र्नो इथले गणितज्ञ मिलोस्लाव द्रुकम्युलर यांनी या पद्धतीला गणिताची शिस्त लावली. ग्रहण नसतानाही ही पद्धत लागते. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात सूर्यबिंब आणि कडेच्या ज्वाला यांच्या तेजात इतका फरक असतो, की दोन्हींच्या वेगळ्या प्रतिमा घेऊन त्या जोडाव्या लागतात.

या कामात फसगत होते ती बहुधा केंद्र जुळवताना. नवखा माणूस चंद्राची काळी कड डोळ्यांसमोर ठेवून थर जुळवतो, कारण तीच ठळक दिसते. पण खग्रासाच्या दोन मिनिटांत चंद्र सूर्यासमोरून सूर्यव्यासाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका पुढे सरकलेला असतो. चंद्र जुळवला की प्रभामंडल दुहेरी होऊन पुसट होते. जुळवायचा तो सूर्य. चंद्राची कड हलली तर हलू द्यायची. कुठला थर कोणत्या क्षणाचा, याची नोंद नसेल तर सुंदर चित्रसुद्धा पुरावा म्हणून बाद ठरते.

आता विजयदुर्गाकडे परत येऊ. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. नोंदी मात्र वेगळे सांगतात. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधून, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेच्या मागोव्यातून पुढे हेलियम हे नाव आले, आणि १८९५ मध्ये रॅम्झी यांना तो वायू पृथ्वीवर सापडला. लॉकियर विजयदुर्गावर आले ते त्यानंतर, १८९८ मध्ये. ओट्यांचा संबंध जुळतो तो या तळाशी.

म्हणजे इथे दोन ग्रहणे एकावर एक ठेवली गेली आहेत. लॉकियर हे नाव ठळक, म्हणून तेच जुळवले आणि तीस वर्षांचे अंतर पुसले गेले. यात लॉकियर यांचे काही बिघडत नाही. नुकसान झाले ते आपले. हेलियमच्या झगमगाटात जेऊरला वर्णपटाची छायाचित्रे घेणारे नायगमवाला दिसेनासे झाले. स्वतःच्या वेधशाळेची साधने घेऊन त्यांनी हे ग्रहण टिपले आणि त्याचा अहवाल १९०२ मध्ये पुण्याच्या वेधशाळेतर्फे छापला. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पटवर्धनांच्या जमखंडीचीही आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही.

विजयदुर्गावरचा उत्सव बंद करावा असे मला वाटत नाही. सूर्याच्या निमित्ताने मुले किल्ल्यावर जमतात, हे चांगलेच आहे. फक्त १८ ऑगस्टला गुंटूर आणि जमखंडीची हकिकत सांगावी, आणि २२ जानेवारीला विजयदुर्ग, जेऊर आणि तळणीची. जेऊर स्टेशनवर नायगमवालांच्या नावाची एक पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला निदान कळेल, की या माळावर एकदा भरदुपारी तारे दिसले होते आणि ते पाहायला पुण्याचा एक प्राध्यापक आपली यंत्रे घेऊन आला होता.