शेकर कार्ड

शेकर कार्ड : दर्शनी बाजूला पारदर्शक खिडकी आणि तिच्या मागच्या बंद पोकळीत टिकल्या, मणी किंवा चमकी भरलेले, हाताने बनवलेले शुभेच्छापत्र. कार्ड हलवले की आतला ऐवज चित्रावरून घरंगळतो. कागदी खुळखुळाच तो. अमेरिका, ब्रिटन आणि इतर पाश्चात्त्य देशांतील हौशी कार्डकारांमध्ये हा प्रकार चांगला रुळला आहे. वाढदिवस, नाताळ आणि बाळाचा जन्म हे त्याचे नेहमीचे प्रसंग.

या कार्डात दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली शुभेच्छापत्रांची. ब्रिटनमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि 1843 साली हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी कार्ड काढून घेतले. दुसरी परंपरा रबरी ठशांची. चार्ल्स गुडइयर यांना 1844 साली अमेरिकेत व्हल्कनीकृत रबराचे पेटंट मिळाले, त्यानंतर टिकाऊ रबरी ठसे बनवणे शक्य झाले. कचेऱ्यांत तारीख आणि पत्ता उमटवणारी ही वस्तू पुढे हौशी लोकांनी चित्रांसाठी उचलली. 1988 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टॅम्पिन अप’सारख्या कंपन्यांनी ठसे, शाई आणि कागद घरोघरी पोचवले. आता लाल रबराच्या जोडीला फोटोपॉलिमरचे पारदर्शक ठसे असतात. ते अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर आपोआप चिकटतात आणि आरपार दिसत असल्याने चित्र नेमके कुठे उमटणार हे आधीच कळते.

अमेरिकेतील नेहमीचे माप 4.25 × 5.5 इंच आहे. तिथल्या 8.5 × 11 इंची कागदाचे दोन भाग केले आणि प्रत्येकाला मधोमध घडी घातली की एका कागदात अशी दोन कार्डे होतात. कार्ड जाड कागदाचेच हवे. पातळ कागद पोकळीच्या वजनाने वाकतो.

चित्र : कार्डाचा जीव ठशाच्या रंगवलेल्या चित्रात असतो. रंग कोणता वापरायचा यावर शाई ठरते आणि नवशिक्यांचे बहुतेक नुकसान इथेच होते. अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल तर ‘मेमेंटो’सारखी पाण्यावर आधारलेली डाय शाई घेतात, कारण अल्कोहोलने ती विरघळत नाही. ‘स्टॅझऑन’सारखी सॉल्व्हंट शाई मात्र मार्कर फिरताच पसरते आणि काळ्या रेघा रंगात उतरतात. जलरंगांच्या बाबतीत नेमके उलट : तिथे पाण्याने न हलणारी शाई लागते. मेमेंटोची रेघ ओल्या कुंचल्याखाली फुटते.

जपानच्या ‘कॉपिक’ मार्करांना या क्षेत्रात मोठा मान आहे. त्यांच्या टोपणावरच्या संकेतात अक्षर रंगाचे कुळ सांगते, पहिला आकडा तो रंग किती करडेपणाकडे झुकतो ते आणि शेवटचा आकडा गडदपणा. बी 00 म्हणजे अगदी फिकट निळा, बी 29 म्हणजे भरदार निळा. एकाच कुळातल्या फिकट, मध्यम आणि गडद अशा तीन छटा घेऊन, कागद ओला असतानाच एकीची कड दुसरीत मिसळली की गोलाई दिसू लागते. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवावे आणि सावली विरुद्ध बाजूलाच ठेवावी. चांगल्या रंगकामाची सारी शिस्त एवढ्यात येते, आणि ती पाळलेले साधे चित्र पन्नास मार्कर वापरलेल्या विस्कळीत चित्रापेक्षा सरस ठरते. शाई कागदाच्या पाठीपर्यंत उतरते, म्हणून चित्र रंगवून, कापून मगच कार्डावर चिकटवतात. कापताना भोवती पांढरी बारीक कड सोडली की नाजूक हात, शेपटी किंवा फुलांचे देठ तुटत नाहीत.

जोडणी : खिडकी डायने (कापणाऱ्या साच्याने) किंवा कटरने कापतात. चौकटीच्या पाठीला पारदर्शक फिल्म चिकटवतात. आपल्याकडे त्यासाठी ओएचपी शीट चालते. फिल्मच्या भोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली फोम टेप लावतात. पोकळीची खोली या टेपमुळेच मिळते, म्हणून मणी जाड असतील तर टेपचे दोन थर द्यावे लागतात. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी चमकी तिथून बाहेर येते. त्यामुळे टेपचे तुकडे एकमेकांना घट्ट भिडवायचे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे : स्थिर विद्युत घालवणे. फिल्म पुसताना किंवा तिच्यावरचा संरक्षक थर सोलताना तिच्यावर विद्युतभार जमतो आणि टिकल्या खिडकीला चिकटून बसतात. बारीक पावडर भरलेली कापडी पुरचुंडी फिल्मच्या आतल्या अंगावर आणि फोमच्या आतल्या कडांवर फिरवली की हा त्रास जातो. फोमच्या कापलेल्या कडाही किंचित चिकट असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मात्र टेपच्या वरच्या बाजूचा कागद त्या वेळी काढलेला नसावा, नाहीतर पावडर गोंदावर बसून झाकण सुटते. शुभेच्छांची अक्षरे एम्बॉसिंगची वेगळी पावडर वितळवून उठावदार करायची असतील तर ते काम फिल्म लावण्याआधी उरकावे. हीट गनच्या झोतात फिल्म वेडीवाकडी होते.

मग चौकट उलटी ठेवून खिडकीत ऐवज ओतायचा, टेपचा कागद सोलायचा आणि मागचा पुठ्ठा चित्राची बाजू खाली करून अलगद बसवायचा. पाऊण चमचाभर ऐवज पुरतो. खिडकी गच्च भरली तर काहीच हलत नाही आणि मागचे चित्रही झाकले जाते. चित्र पोकळीत असेल तर ते सपाट चिकटवावे; फोमवर उचललेल्या चित्राच्या मागे टिकल्या अडकतात आणि बाहेर येत नाहीत. उठाव हवाच असेल तर चित्र खिडकीच्या बाहेर, फिल्मवर लावणे उत्तम.

ऐवज : काचेचे बारीक मणी जड असल्याने झटकन तळाशी जातात, टिकल्या त्यांच्यामागून संथ उतरतात. दोन्ही मिसळले की हालचाल एकसुरी राहत नाही. एकाच मापाच्या सपाट टिकल्या एकमेकींना चिकटून गठ्ठा बनवतात, म्हणून तीन-चार मापे घेतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात किंवा पुण्याच्या बोहरी आळीत भरतकामासाठी मिळणाऱ्या टिकल्या आणि मणी या कामाला अगदी योग्य आहेत.

ऐवज चित्रातूनच सुचायला हवा. मत्स्यालयात बुडबुड्यांसारखे पारदर्शक मणी, छत्रीवर निळे थेंब, घराच्या कौलांवर पांढरा हिमकण, आइस्क्रीमवर रंगीत कांड्या. व्हिएन्नाच्या एर्विन पेर्झी यांच्या कारखान्याने 1900 पासून प्रसिद्ध केलेल्या हिमगोलाची (स्नो ग्लोबची) गंमतही अशीच आहे : आत चर्च असते म्हणून पडणारा कण बर्फ वाटतो. चित्राशी नाते नसलेली चमकी दोनदा हलवून झाली की कंटाळा आणते.

टपाल : जाडी ही या कार्डाची मोठी अडचण. ब्रिटनच्या रॉयल मेलमध्ये साध्या पत्राला 5 मिमी जाडीची मर्यादा आहे; अमेरिकेत ती पाव इंच असून जाडी असमान असेल तर यंत्राने न हाताळता येणारे पत्र म्हणून जादा आकार पडतो. म्हणून कार्डकार पातळ फोम वापरतात, पाकिटात पुठ्ठा घालतात किंवा कार्ड हातोहात देतात.

चमकीबाबत एक नियमही आहे : युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले. काच, धातू आणि जैवविघटनशील पदार्थांची चमकी त्यातून वगळली आहे. पंचने पाडलेल्या कागदी चकत्याही वापरता येतात, पण त्या हलक्या असल्यामुळे फोमच्या कडेला अडकतात. जाड कागदाच्या काढून त्यांच्यात थोडे काचमणी मिसळले तर त्या नीट घरंगळतात.