नऊ पाऊण पावणेसात

२०२४च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या नातीने जाहीर केलं, "आबा, आम्ही दहा जण कयाकमधून अर्नाळ्याच्या बेटाला फेरी मारणार आहोत. येता?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण मी हो म्हटलं. वल्हं मारायला नाही हो, सोबत जी मच्छीमार बोट असणार होती तिच्यात बसायला!

कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याची, शिकारीसाठी केलेली. आता ती प्लॅस्टिकची झाली आणि सहलीला आली. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पाती.

निघायचं कधी यावर मुलांची मोबाईलमध्ये शोधाशोध चालली होती. बोटवाल्याने फक्त तिथी विचारली. कार्तिक शुद्ध नवमी. "मग पावणेसातला भरती," तो म्हणाला. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. नऊ पाऊण पावणेसात! आम्ही लहानपणी घोकलेली पाऊणकी इथे रोजच्या वापरात होती. शिवाय नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याला उधाणासारखी ओढ नसते. नवशिक्यांना तेच बरं.

सव्वासातला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून निघालो. बेटाच्या दक्षिणेला किल्ल्यापासून सुटा असलेला बुरुज मागे टाकला आणि पश्चिमेला वळलो. इकडून उघडा समुद्र येतो. लाटांनी किनारा खाल्लेला दिसतो, आणि त्या किनाऱ्याला लागून माणसांची घरं आहेत. बेटावर मच्छीमारांची वस्ती आहे, अर्नाळा किल्ला नावाची ग्रामपंचायत आहे. आपण "किल्ला पाहायला" जातो, पण तिथे कोणाचं तरी गाव आहे हे विसरतो.

मी तीस वर्षांहून जास्त काळ इतिहास शिकवला. अर्नाळ्याचा इतिहास मला तोंडपाठ. आधी गुजरातचे सुलतान. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढे हे बेटही त्यांच्या ताब्यात. त्यांनी याला गाईंचं बेट असं नाव दिलं होतं. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतलं आणि बाजीराव पेशव्यांच्या काळात किल्ला नव्याने उभा राहिला. चिमाजी आप्पांच्या हाती १७३९च्या मे महिन्यात वसई आली. १७८१च्या जानेवारीत अर्नाळा इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहानंतर तो परत मिळाला आणि पेशवाईबरोबर कायमचा गेला. हे सगळं मी फळ्यावर लिहीत असे. मुलं उतरवून घेत.

एका वर्षी बेटावरून होडीने शाळेला येणारा एक मुलगा उभा राहिला. "सर, मराठे बेटावर गेले ते कोणाच्या होड्यांतून?" वर्ग हसला. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही. बस खाली." तो बसला. नंतर त्याने वर्षभर काही विचारलं नाही.

हे सगळं त्या दिवशी आठवायचं कारण सांगतो.

पश्चिमेला फोटो काढण्यात मुलांनी वेळ घालवला. उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी आलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि पाणी उतरू लागलं होतं. पलीकडे दातिवरे, मधून खाडीचं पाणी समुद्राकडे निघालेलं. भांगाची असली तरी ओहोटीच ती! नात आणि तिची मैत्रीण जीव खाऊन वल्हवत होत्या, पण किनाऱ्यावरचं एक झाड काही मागे सरेना. मग ते पुढे जाऊ लागलं. म्हणजे ह्या दोघी मागे जात होत्या. माझ्या घशाला कोरड पडली.

बोटवाल्याने आधीच बोट त्यांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला नेऊन ठेवली होती. "जोर नका लावू," तो ओरडला, "कडेला घ्या, बेटाला चिकटून चला. तिथे ओढ कमी." पोरींनी नाक वळवलं. पाच मिनिटांत ते झाड मागे पडलं.

बेटावर उतरलो. किल्ल्याच्या उत्तरेच्या महाद्वारावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत, आणि एक शिलालेख आहे. त्यात बाजीरावांचं नाव आहे, काम करवून घेणाऱ्या शंकराजीपंतांचं आहे. त्यांनी बांधकामावर नेमलेल्या बाजी तुळाजीचं नावही इतिहासाला ठाऊक आहे. वसईच्या मोहिमेतले गंगाजी नाईक अंजूरकर ह्या स्थानिक माणसाचं नाव टिकलं. पण चोहीकडून पाणी असलेल्या ह्या जागी माणसं, दारूगोळा आणि एवढा दगड आणायचा, तर भरती कधी आणि ओढ कुठे हे ज्याला कळतं त्याच्याशिवाय पानही हललं नसतं. तलवार चालवणारा कितीही शूर असो, होडी मागे जाऊ लागली की तो आमच्या नातीसारखाच! त्या वल्हेकऱ्यांचं नाव दारावर नाही.

किल्ल्यातल्या अष्टकोनी तळ्याकाठी आम्ही पोहे खाल्ले. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे हे गोडं! मुलांनी इतिहास सांगायला सांगितलं. मी सनावळीपासून सुरुवात केली नाही. त्या मुलाच्या प्रश्नापासून केली, आणि तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

नातीने विचारलं, "आबा, मग बरोबर उत्तर काय होतं?"

बोटवाला ताटली धुवत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "चला सर, पाणी अजून उतरलं तर बोट रेतीला लागेल."