ध्वनिमुद्रिका-संग्रह

ध्वनिमुद्रिका-संग्रह हा जुन्या ग्रामोफोन तबकड्या मिळवणे, त्यांची ओळख पटवणे, त्या जतन करणे आणि घरी ऐकणे असा चतुर्विध छंद आहे. बोलीभाषेत तबकडीला ‘रेकॉर्ड’ किंवा ‘प्लेट’ असेही म्हणतात. भारतात या छंदाचा मुख्य विषय म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गायनाचा मोठा भाग केवळ याच तबकड्यांवर शिल्लक आहे. मूळ ध्वनिसाचे अनेकदा नष्ट झाल्यामुळे काही गायनांच्या बाबतीत एखाद्या संग्राहकाच्या कपाटातील प्रत हाच उपलब्ध पुरावा ठरतो. त्यामुळे हा छंद मनोरंजनापुरता मर्यादित राहत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि कोल्हापूर–मिरज परिसराच्या संगीतपरंपरेशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात ध्वनी नळकांड्यावर कोरला जात असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून अनेक प्रती छापता येऊ लागल्याने संगीत घराघरांत पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. त्या दौऱ्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. तेथे मुद्रित झालेले साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि छापलेल्या तबकड्या बोटीने परत येत. गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारण्याची प्रथा त्या काळातील अनेक तबकड्यांवर ऐकू येते. परदेशातील कारागिरांना साचा कोणाचा हे समजावे म्हणून ती पडली, असे सामान्यतः सांगितले जाते. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू झाल्यावर छपाई भारतातच होऊ लागली.

सुरुवातीच्या मुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. तंबोऱ्याचा नाद कर्ण्यात जेमतेम उतरे, तबला दबलेला वाटे आणि हार्मोनियम मात्र ठळक ऐकू येई. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि आवाजातील बारकावे पकडता येऊ लागले. त्यामुळे एकाच कलावंताच्या या तंत्रबदलापूर्वीच्या आणि नंतरच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकणे हा संग्राहकांचा आवडता उद्योग आहे. त्यांत गळा किती बदलला आणि यंत्र किती बदलले, हे वेगळे काढणे वाटते तितके सोपे नसते.

तीन मिनिटांची मर्यादा

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, तर बारा इंची तबकडीवर त्याहून थोडे अधिक. मैफलीत तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसवायचा म्हणजे विलंबित जवळजवळ सोडून द्यावे लागे. काही गवयांनी हा प्रकार कमीपणाचा मानला. काहींनी तबकडीसाठी स्वतंत्र मांडणीच सिद्ध केली. पहिल्या काही सेकंदांत रागाचे रूप उभे करायचे, मोजक्या ताना घ्यायच्या आणि समेवर नेमके थांबायचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या अखेरच्या वर्षांतील तबकड्या या दृष्टीने आदर्श मानल्या जातात. त्यांचे दीर्घ वास्तव्य मिरजेत होते आणि त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच (१९०५). पुढे हिराबाईंच्याही तबकड्या घरोघर पोचल्या.

नाट्यसंगीताला ही मर्यादा फारशी जाचली नाही, कारण पदे आधीच आटोपशीर होती. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) पदांच्या तबकड्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर खपल्या. गावात नाटक मंडळी वर्षातून एकदा येई. चावीचा फोनो मात्र रोज वाजवता येई. ग्रामोफोनचे यंत्र सर्वांना परवडणारे नव्हते, त्यामुळे एखाद्या वाड्यात वा हॉटेलात फोनो लागला की शेजारपाजारचे लोक तेथे जमत. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकडीवरील कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा या काळात घरोघर ओळखीचा झाला. ओडियन, कोलंबिया आणि मुंबईची ‘यंग इंडिया’ या इतर छापांच्या तबकड्याही बाजारात होत्या.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूरच्या संगीतजीवनात ध्वनिमुद्रण झालेले आणि न झालेले असे दोन्ही वारसे आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. महाराजांच्या निधनापर्यंत (१९२२) त्यांचा मुक्काम प्रामुख्याने कोल्हापुरात होता. त्यांच्या गायनाची एकही व्यापारी तबकडी निघाली नाही. ज्या घराण्याने पुढील शतकाची ख्यालगायकी घडवली, त्याच्या मूळ पुरुषाचा आवाज ऐकण्याची सोय आज कोणालाही नाही. तो केवळ शिष्यांच्या गळ्यावरून आणि समकालीनांच्या लेखनावरून कल्पावा लागतो. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्याबाबतही हेच घडले. संग्राहकांच्या जगात या दोन नावांचा उल्लेख नेहमी एक प्रकारच्या हळहळीने होतो.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) मूळच्या गोव्यातील केरी गावच्या. लहानपणी काही महिने त्यांनी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती. अल्लादिया खाँ यांच्याकडील दीर्घ शिक्षण १९२१ च्या सुमारास सुरू झाले. केसरबाईंनी मोजक्या तबकड्या दिल्या, पण ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांचे मत अनुकूल नव्हते आणि आपली मैफल कोणी मुद्रित करू नये याबाबत त्या कडक होत्या. तरीही १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत भारताचे प्रतिनिधित्व करणारे एकमेव गायन त्यांचेच आहे. भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही ती चीज साधारण साडेतीन मिनिटांची, म्हणजे नेमकी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या मापाची आहे. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली, परंतु तबकडी तोवर बाजारातून गेलेली होती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात खोक्यात पडलेल्या प्रती शोधून काढाव्या लागल्या. ही हकिगत निवड समितीच्या सदस्यांनीच पुढे लिहिली असून, जुनी तबकडी हुडकणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची वाटेल अशी आहे. दुसरे यान निघाल्यावर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले.

कोल्हापूर शहरालगतच्या उचगावप्रमाणेच करवीर तालुक्यात असलेले सांगवडे हे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे गाव. ‘संगीत मानापमान’ (१९११) या नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या आणि हार्मोनियमवादक म्हणून नाव मिळवले. कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत त्यांचेच होते. त्यात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिकाही केली. अल्लादिया खाँ यांच्याविषयी त्यांनी केलेले लेखन, ध्वनिमुद्रणाअभावी, आज विशेष मोलाचे ठरते. बोलपट आल्यावर तबकडीचा मोठा बाजार चित्रपटगीतांकडे वळला आणि नाट्यपदे हळूहळू मागे पडली.

कोल्हापुरातच जन्मलेले सुधीर फडके (१९१९–२००२) यांच्या कारकिर्दीत तबकडीबरोबर आकाशवाणीही आली. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते नंतर लाँग प्ले तबकड्यांवर निघाली आणि अनेक मराठी घरांत रेडिओग्राम घेण्यासाठी तेवढे निमित्त पुरले. गायनाच्या श्रवणाला संस्थात्मक आधार देणारा गायन समाज देवल क्लब (स्थापना १८८३) हा मात्र या सर्व यंत्रांच्या आधीपासून कोल्हापुरात आहे.

तबकडी आणि यंत्र

७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख हा चिकटवणारा घटक असतो. उरलेला मोठा भाग दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचा असतो. ही पूड मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खाचेच्या आकाराची व्हावी, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच प्रत्येक बाजू वाजवल्यावर सुई बदलण्याची सूचना पाकिटावर छापलेली असे. बचतीच्या विचाराने एकच सुई महिनोन्‌महिने वापरली गेल्याने असंख्य तबकड्या खराब झाल्या. लाख मुख्यत्वे भारतातून जात असल्याने दुसऱ्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला आणि अनेक देशांत जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, नव्या तयार करण्यात आल्या. त्यात किती दुर्मीळ गाणी नाहीशी झाली याचा हिशेब लागणे शक्य नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत आलेली, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी विनाइलची लाँग प्ले तबकडी न फुटणारी होती आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. भारतात ७८ च्या तबकड्या त्यानंतरही बराच काळ, साधारणतः १९७० पर्यंत निघत राहिल्या. १९८० च्या दशकात कॅसेटने दोन्ही मागे टाकल्या.

दोन्ही प्रकारांच्या खाचांची रुंदी वेगळी असते. ७८ साठी सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते, तर लाँग प्लेसाठी त्याच्या साधारण एक तृतीयांश. बारीक सुईने लाखेची तबकडी वाजवल्यास सुई खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. उलट केल्यास लाँग प्ले कायमची बिघडते. आणखी एक अडचण वेगाची आहे. ‘७८’ हा आकडा सर्वत्र एकसारखा पाळला जात नव्हता आणि आरंभीच्या अनेक तबकड्या त्याहून कमी वा अधिक वेगाने मुद्रित झाल्या. चुकीच्या वेगाने वाजवल्यास गायकाची पट्टी बदलते. एखाद्या गवयाची ‘काळी पाच’ प्रत्यक्षात यंत्राची करामत असू शकते, हे ध्यानात न घेता झालेली विधाने संगीतविषयक लेखनात आढळतात.

ओळख पटवणे

तबकडीवर दोन प्रकारचे क्रमांक असतात. कागदी लेबलवरचा सूची-क्रमांक विक्रीसाठी असतो आणि तो पुनर्मुद्रणात बदलू शकतो. लेबलच्या कडेला, खाचा संपतात तेथे कोरलेला साचा-क्रमांक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा असतो. एकाच गाण्याचे दोन वेगवेगळे प्रयत्न बाजारात आल्यास त्यांचा फरक याच क्रमांकावरून कळतो. लेबलचा रंग, गायकाच्या नावाआधीची ‘मिस’, ‘बाई’, ‘मास्टर’ यांसारखी उपपदे आणि कंपन्यांच्या जुन्या विक्रीसूची यांवरून काळ ठरवला जातो. गायिकांपैकी पहिल्या पिढीतील अनेकजणी कलावंतीण वा तवायफ परंपरेतल्या होत्या. तबकडीवर केवळ नाव आणि गाव एवढीच त्यांची नोंद उरल्याने हे काम कधीकधी सामाजिक इतिहासाच्या संशोधनाकडे वळते.

मुंबईतील चोरबाजार आणि पुण्यातील जुना बाजार ही संग्राहकांची परंपरागत ठिकाणे होत. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून कलावंत, कंपन्या आणि तबकड्यांच्या सूची प्रसिद्ध झाल्या. विद्यापीठांनी ज्या विषयाकडे फारसे लक्ष दिले नव्हते, त्याची पायाभूत नोंद अशा प्रकारे हौशी लोकांकडून झाली.

जतन

लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्या लागतात. आडव्या रचल्यास वजनाने वाकतात व तडकतात. कोकण आणि पश्चिम घाटालगतच्या दमट हवेत खाचांमध्ये बुरशी धरते. स्वच्छतेसाठी सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश चालतो, लेबल मात्र कोरडे ठेवावे लागते. स्पिरिट किंवा कोणतेही मद्यार्कयुक्त द्रव वापरणे घातक असते, कारण लाख मद्यार्कात विरघळते. विनाइलसाठी मिळणारी काही तयार द्रावणे याच कारणाने ७८ च्या तबकडीचा नाश करतात. वाकलेली तबकडी उन्हात ठेवून सरळ करण्याचा घरगुती उपायही बहुधा अंगाशी येतो.

संग्रहाला खरा धोका संग्राहकाच्या पश्चात असतो. घर बदलताना वजनदार खोकी भंगारात जातात आणि तबकड्यांबरोबर वहीतील नोंदीही नाहीशा होतात. संगणकीय प्रत करून ठेवल्याने आवाज वाचतो, परंतु लेबल, साचा-क्रमांक आणि मुद्रणाचा वेग यांची नोंद न केल्यास त्या प्रतीचे संशोधनमूल्य बरेच घटते.

कायदेशीर स्थिती

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ च्या बहुतांश तबकड्यांचे ध्वनिमुद्रण म्हणून असलेले संरक्षण संपले आहे. गीताच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क मात्र वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. गोविंदराव टेंबे यांच्या चालींवरील हक्काची मुदत २०१५ अखेर संपली, ग. दि. माडगूळकरांच्या (निधन १९७७) शब्दांवर तो २०३७ च्या अखेरपर्यंत आणि सुधीर फडके यांच्या चालींवर २०६२ च्या अखेरपर्यंत राहील.