ट्रकमध्ये इन्व्हर्टर बसवताना : फ्यूज कुठे, किती आणि कशासाठी

आपल्याकडे कितीतरी घरांचं पोट ट्रकवर आहे. कुणाचे अब्बा गाडी चालवतात, कुणाचा भाऊ भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघतो, कुणाचे मामू कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर नंबर लागायची वाट बघत दोन-दोन दिवस केबिनमध्येच काढतात. मोबाइल चार्ज करायचा, रात्री पंखा लावायचा, कधी लॅपटॉपवर बिलटी बघायची, म्हणून घरात लागते तशी २३० व्होल्टची वीज केबिनमध्ये हवी असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण तो एसी इंजिनावर चालतो. गाडी बंद करून झोपलं की पुन्हा पंखाच. म्हणून इन्व्हर्टर बसवला जातो, आणि बहुतेक वेळा घाईत बसवला जातो.

आमच्या नात्यातल्या एका गाडीत असाच बसवला होता. हजार वॅटचा इन्व्हर्टर, आणि बॅटरीपासून केबिनपर्यंत घरात वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची वायर. मध्ये फ्यूज नाही. बसवणाऱ्याचं म्हणणं, "इन्व्हर्टरच्या आत कंपनीचा फ्यूज आहे ना." चार महिन्यांनी केबिनच्या फरशीखाली पत्र्याच्या कडेला घासून वायरचं आवरण फाटलं. रात्री रबर जळाल्याचा वास आला म्हणून झोपलेले चाचा उठले आणि बॅटरीची क्लिप उपटून काढली. गादीचा कोपरा काळा झाला होता. वास आलाच नसता तर काय झालं असतं, ते आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज तेव्हा शाबूत होता. बरोबरच आहे, कारण त्याच्यातून तो करंट गेलाच नव्हता. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट वाटेतच पत्र्याला भेटला आणि चेसिसमधून बॅटरीच्या मायनसला परत गेला. इन्व्हर्टरपर्यंत पोहोचलाच नाही, मग तिथला फ्यूज उडणार कसा?

आम्ही शिक्षक माणसं, वायरमन नाही. पण दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा दरवर्षी शिकवतो आणि मुलांना हेच सांगतो की फ्यूज वायरला वाचवायला असतो. वायर जिथे सुरू होते तिथेच तो हवा. म्हणजे बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. त्या वीतभर वायरला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी, आणि तिच्यावर जाड स्लीव्ह चढवायची. ट्रकची बॅटरी सेल्फ फिरवायला शेकडो अँपिअर देते. शॉर्ट झाल्यावर त्याहूनही जास्त देते. एवढ्या करंटपुढे अडीच एमएमची वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते.

आधी गाडी किती व्होल्टची ते बघा

अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. छोटा हत्ती, पिकअप अशा लहान गाड्या १२ व्होल्टवर चालतात. इन्व्हर्टर घेताना त्यावर १२ लिहिलंय की २४, हे वाचूनच पैसे द्या. १२ चा इन्व्हर्टर २४ ला लावला तर तो गेलाच समजा.

आणि इथे एक जुगाड फार चालतो. घरात १२ चा इन्व्हर्टर पडलेला असतो, मग ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून तो चालवायचा. लगेच काही बिघडत नाही, म्हणून लोकांना पटतं. पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २४ च्या हिशोबाने चार्ज करतो. परिणाम असा की उतरलेली कधी पूर्ण भरत नाही आणि भरलेली उकळत राहते. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि लोक बॅटरी कंपनीला शिव्या देतात.

करंटचा हिशोब

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, एवढंच. पण बॅटरीवर लोड आला की व्होल्टेज खाली येतं आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून २४ च्या गाडीत २२ व्होल्ट धरा आणि इन्व्हर्टरची क्षमता ८५ टक्के धरा. हजार वॅटसाठी १००० भागिले २२, भागिले ०.८५. साधारण ५४ अँपिअर येतात. त्याच्या सव्वापट म्हणजे ६७. बाजारात त्याच्या जवळचा मिळतो तो ७० चा फ्यूज.

आता वायर अशी हवी की ७० अँपिअर सतत गेले तरी ती तापू नये. फ्यूज वायरच्या ताकदीपेक्षा मोठा असेल तर आधी वायर जळते आणि मग फ्यूज उडतो. हजार वॅट, २४ व्होल्ट आणि बॅटरी ते इन्व्हर्टर तीन मीटरपर्यंत अंतर असेल तर १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल चालते. त्याहून लांब जायचं असेल, किंवा केबल इंजिनाच्या गरम बाजूने न्यावी लागत असेल, तर २५ घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. ती घेऊ नका. कापलेल्या टोकाला चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा.

तोच हजार वॅटचा इन्व्हर्टर १२ च्या पिकअपमध्ये लावला तर करंट दुप्पट, म्हणजे १०७ अँपिअरच्या आसपास जातो. आणि करंट दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. म्हणून लहान गाडीत आम्ही तीनशे वॅटवर थांबायला सांगतो. तीनशेला १२ व्होल्टवर साधारण ३२ अँपिअर, ४० चा फ्यूज आणि १० स्क्वेअर एमएमची केबल, एवढ्यात काम होतं.

सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा इन्व्हर्टर असतो, त्याला वेगळी वायर लागत नाही. पण त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२ च्या गाडीत सव्वाशे-दीडशे वॅटच्या पुढे तिथून काही निघत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे ३० चा टाकणं म्हणजे डॅशबोर्डच्या मागे आग लावून ठेवणं. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं हेही त्यातलंच.

फ्यूज कसला घ्यायचा

मोठ्या करंटसाठी बोल्टने कसायचे फ्यूज मिळतात. दुकानात 'मिडी', 'मेगा' किंवा 'एएनएल' म्हणून मागा, आणि झाकण असलेला त्याचा होल्डरही घ्या. फ्यूजवर व्होल्टही लिहिलेले असतात. २४ च्या गाडीत चार्जिंग सुरू असताना २८ च्या आसपास व्होल्ट असतात, म्हणून ३२ किंवा त्याहून जास्त लिहिलेला हवा.

घरातल्या बोर्डावरचा एमसीबी इथे लावणारे आम्ही पाहिले आहेत. घरातली वीज एसी असते, तिचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि एमसीबी उघडताना उठलेली ठिणगी त्या क्षणी विझते. बॅटरीचा करंट डीसी, तो आपोआप शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटती राहू शकते आणि एमसीबीच वितळतो. डीसीसाठी बनवलेले ब्रेकर वेगळे असतात, ते चालतील.

बसवताना

आधी बॅटरीची मायनस काढायची, मग प्लस. लावताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. कारण सगळा पत्रा मायनसला जोडलेला आहे. मायनस लागलेली असताना प्लसचा नट सोडवत असलात आणि पाना चेसिसला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो आणि हाताची कातडी जाते. हातातली अंगठी-घड्याळ काढून ठेवा. बॅटरी बॉक्सचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवून मगच काम सुरू करा, चार्ज होताना निघालेला हायड्रोजन आत साठलेला असतो. आणि फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. तोपर्यंत होल्डर रिकामा.

केबल म्हणून बहुतेक जण वेल्डिंगची केबल आणतात, दोन्ही एकाच रंगाच्या. दोन्ही टोकांना आधीच लाल आणि काळी टेप लावून घ्या. प्लस-मायनस उलटं लागलं तर दुसरी संधी मिळत नाही. टोकांना थिंबल दाबताना खरं क्रिम्पिंगचं हत्यार हवं. हातोडीने ठोकलेलं थिंबल आज घट्ट वाटतं, पण ट्रक हादरत असतो, महिन्याभरात ते सैल होतं आणि सैल जोड तापतो. अशा वेळी फ्यूज काहीच करत नाही, कारण करंट वाढलेला नसतो.

केबल पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी रिंग हवीच. आणि केबिन टिल्ट होते हे विसरू नका. केबल केबिनच्या बिजागरीच्या बाजूने न्या, तिथे वळसा देऊन थोडी ढिली ठेवा, आणि बसवून झाल्यावर केबिन एकदा पूर्ण उचलून बघा कुठे ताणते का. चाचांच्या गाडीत हेच कुणी पाहिलं नव्हतं.

इन्व्हर्टरची मायनस केबलही प्लसइतकीच जाड हवी. गाडीला बॅटरी कट-ऑफ स्विच असेल तर इन्व्हर्टर त्या स्विचच्या पुढे जोडा, म्हणजे एक स्विच फिरवला की सगळंच बंद. इन्व्हर्टर बॅटरी बॉक्समध्ये ठेवायचा नाही, गादीखाली तर नाहीच. त्याच्या पंख्याला चारही बाजूंनी हवा मिळाली पाहिजे. बाहेर येणारी वीज २३० व्होल्टची आहे, घरातल्या बोर्डाइतकीच जीवघेणी, तेव्हा ओल्या कपड्यांशेजारी एक्स्टेन्शन टाकून ठेवू नका.

पेट्रोल किंवा गॅसच्या टँकरमध्ये यातलं काहीही करू नका. नवी गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

किती वेळ चालेल

दोन १५० एएचच्या बॅटऱ्या मिळून ३०० एएच होत नाहीत. २४ व्होल्टवर १५० च राहतात. त्यातला तीसेक टक्के भागच वापरायचा, कारण ही सेल्फ मारायची बॅटरी आहे, घरातल्या इन्व्हर्टरची नाही. हिशोबाने साधारण नऊशे वॅट-तास हाती येतात. पन्नास वॅटचा पंखा, दोन मोबाइल आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून ८५-९० वॅट धरले, तर रात्रभर आरामात निघते. बहुतेक इन्व्हर्टर २१ व्होल्टच्या आसपास स्वतः बंद होतात, पण तोवर सकाळी सेल्फ लागण्याची आशा संपलेली असते. मीटर २४.२ दाखवू लागला की आपणच बंद करा.

रमजानमध्ये हमखास विचारलं जाणारं, सहरीला चहापुरती इलेक्ट्रिक केटली चालेल का? दीड हजार वॅटची केटली पाच मिनिटंच लागते, तेवढ्याने बॅटरी उतरत नाही. पण त्या पाच मिनिटांत २४ च्या गाडीत ८० अँपिअर ओढले जातात. हजार वॅटच्या इन्व्हर्टरवर ती चालणारच नाही, आणि ७० चा फ्यूज उडाला म्हणून १०० चा टाकला की १६ एमएमची केबल उघडी पडली. २४ व्होल्टवर थेट चालणारी लहान केटली मिळते, तिच्यावर लिहिलेले वॅट बघून तिच्यासाठी वेगळी फ्यूजवाली लाइन काढा. नाहीतर ढाब्यावरून थर्मास भरून घ्या, आमचे चाचा आता तेच करतात.

बसवून झाल्यावर इन्व्हर्टरवर भरपूर लोड टाकून पंधरा मिनिटं चालवा. मग लोड बंद करून थिंबल, फ्यूज होल्डर आणि केबल हाताने चाचपा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तो जोड पुन्हा करा. पहिली खेप मारून आल्यावर सगळे नट एकदा कसा. त्याच नंबरचे दोन फ्यूज होल्डरशेजारी पिशवीत बांधून ठेवा, आणि झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा : "फक्त ७०". म्हणजे रात्री रस्त्यावर दुसऱ्या कुणी मिस्त्रीने झाकण उघडलं तरी त्याला ते वाचता येईल.