पॅकेटच्या नकलेची कुळकथा

पाठवलेलं पॅकेट पोचलं की नाही, हे पाठवणाऱ्याला लगेच कळत नाही. वाटेत हरवलं तर तोच मजकूर पुन्हा धाडावा लागतो. म्हणून पोच येईपर्यंत टीसीपी या पोच सांभाळणाऱ्या नियमावलीला तो जपून ठेवावा लागतो. कर्नलमधल्या, म्हणजे संगणक प्रणालीच्या गाभ्यातल्या, नकलेचं एक मूळ इथे आहे: एक प्रत तारेवर, एक घरात. भिलईच्या स्मृति नगरातून पुण्याच्या नातवंडांना फोटो जातो, तेव्हाही हेच घडतं.

1983च्या 4.2 बीएसडी या युनिक्स प्रणालीने यासाठी ‘एमबफ’ रूढ केला. 128 बाइटचे छोटे तुकडे, साखळीत ओवलेले. मजकूर मोठा असला तर तो वेगळ्या ‘क्लस्टर’मध्ये. खरी हुशारी नक्कल काढण्यात होती. छोट्या तुकड्यातला मजकूर सरळ उतरवून घ्यायचा. क्लस्टर मात्र जागचा हलवायचा नाही, फक्त वाटेकऱ्यांचा आकडा एकाने वाढवायचा. सातबाऱ्यावर आणखी एक नाव चढलं, जमीन तीच. शेवटचा वाटेकरी गेला की जागा मोकळी.

लिनक्सच्या ‘एसके-बफ’ने साखळीऐवजी सलग जागा पसंत केली आणि पुढे येणाऱ्या हेडरसाठी सुरुवातीलाच मोकळी जागा सोडली. तिथे ‘क्लोन’ म्हणजे फक्त वरची नोंद नवी, मजकूर सामाईक; ‘कॉपी’ म्हणजे सगळंच नवं. क्लोनवर कुणी परस्पर लिहिलं की दुसऱ्या वाटेकऱ्याचाही मजकूर बिघडतो. सामाईक मालमत्तेचे तंटे इथेही चुकले नाहीत!

पुढे कर्नललाच वळसा घालायची टूम निघाली. 1997मध्ये कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘व्हर्च्युअल इंटरफेस’ची रचना मांडली: प्रोग्रामने थेट नेटवर्क कार्डाशी बोलावं, मधली नक्कल नको. पुण्याच्या सी-डॅकने हीच वाट धरून परम महासंगणकांच्या ‘परमनेट’साठी ‘क्षिप्रा’ हा हलका संदेशवहनाचा थर बांधला. पवईच्या आयआयटीतून 1981मध्ये बाहेर पडलेल्या जॉर्ज वर्गीस यांनी तर 2004च्या ‘नेटवर्क अल्गोरिद्‌मिक्स’ या ग्रंथात नकलेला अख्खं प्रकरण दिलं.

तरी नक्कल मेलेली नाही, आणि मरूही नये. नक्कल न करण्याचीही किंमत असते: मेमरीची पानं अडकवून ठेवायची, त्यांचा हिशेब ठेवायचा, काम झाल्याचा निरोप द्यायचा. लिनक्समध्ये 2017पासून ‘झीरोकॉपी’ने पाठवण्याची सोय आहे, पण ती साधारण 10 किलोबाइटच्या वरच परवडते, असं कर्नलचे दस्तऐवजच सांगतात. त्याखाली सरळ नक्कल केलेली बरी.