अर्धी छावणी अलीकडे, अर्धी पलीकडे

आमच्या टीममधला एक जण नुकताच केनियाला जाऊन आला. मसाई मारामध्ये, मारा नदीच्या काठावर, तंबूत चार रात्री. तंबू म्हणजे आपण शाळेच्या सहलीला ठोकायचो तसला नव्हे हां. फळ्यांची जमीन, चार खांबांचा पलंग, आंघोळीला टब, पहाटे कॉफी घेऊन येणारा माणूस आणि समोर नदीत डुंबणारे पाणघोडे. एका रात्रीचं भाडं ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. "असं जगात दुसरीकडे कुठेच नाही," असं त्याचं म्हणणं. आता मी पडलो बीड जिल्ह्यातला, गेवराईकडचा. आमच्या गोदाकाठी याच्या शंभरपट थाटाचा तळ पडला होता आणि तो कसा बुडाला हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून या विकांताला हा लेख.

आधी शब्दाचं बघू. 'सफारी' हा स्वाहिली शब्द. मूळ अरबी 'सफर', म्हणजे आपलीच सफर. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांचे तंबू, पेट्या, पुस्तकं डोक्यावरून वाहायला दोनशेच्या वर हमाल होते. आजच्या महागड्या तंबूंची सगळी नक्कल त्याच काळाची. पण दोनशे हमाल म्हणजे काहीच नाही हो! 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलने अकबराच्या एका मुक्कामाच्या सामानाचा हिशेब दिलाय: १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय तंबू उभारायला १००० फर्राश. असे दोन संच असायचे. बादशहा एका तंबूत झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. याला पेशखाना म्हणत. (आमच्या भाषेत स्टँडबाय सर्व्हर.)

दख्खनच्या निजामाने हा थाट वारशातच घेतला आणि मराठ्यांनी शेजाऱ्याचं बघून. पुण्यात दगडूशेठच्या जवळ फरासखाना पोलीस चौकी आहे ना, तो फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, जाजमं, बिछायती ठेवायचं सरकारी खातं. फौजेच्या पुढे निशाण घेऊन चालणारी तुकडी ती बिनी, त्यावरून बिनीवाले. आणि पावसाळ्यात फौजेने एका जागी बसायचं, ती छावणी.

हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. कारण १७६३ च्या ऑगस्टमध्ये निजाम अली छावणीसाठीच औरंगाबादकडे निघाला होता. त्या वर्षी मे महिन्यात त्याच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. बरोबर नागपूरचे जानोजी भोसले होते. तिकडे राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव निजामाच्या मुलखात घुसून त्याचीच परतफेड करत फिरत होते. म्हणजे दोन्ही फौजा एकमेकांचं घर लुटतायत आणि समोरासमोर कुणीच येत नाही, असा प्रकार. पावसाळा डोक्यावर आला तसा निजाम परत फिरला. औरंगाबादला जायचं म्हणजे वाटेत गोदावरी. ती ओलांडायची जागा आमच्या गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन.

राक्षसभुवन आज शनीसाठी प्रसिद्ध आहे, साडेतीन शनिपीठांपैकी एक. आणि गंमत बघा, मराठेशाहीतल्या 'साडेतीन शहाण्यां'पैकी तिन्ही पूर्ण शहाणे या एका प्रकरणात होते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील आणि जानोजीचे दिवाण देवाजीपंत चोरघडे. (अर्धे शहाणे नाना फडणीस. ते लढवय्ये नव्हते म्हणून अर्धे.) बापू आणि देवाजीपंतांनी आतून संधान बांधलं, जानोजीला मुलखाचं आमिष मिळालं आणि ऐन वेळी काहीतरी सबब काढून तो निजामाच्या तळापासून वेगळा झाला.

मग नदी. श्रावण लागून एक-दोन दिवस झालेले, गोदावरी भरून चाललेली. एवढा मोठा तळ नदीपार करणं म्हणजे काय, याचा मी बराच विचार केलाय, कारण आमचा धंदाच सामान इकडून तिकडे हलवण्याचा आहे. शिपाई एक वेळ पोहून जाईल. पण डेरे? भिजलेल्या कापडाचं वजन, खांब, मेखा, तणावे, मुदपाकाची भांडी, तोफा, बैल, बाजारबुणगे, हे सगळं खेपाखेपांनी न्यावं लागतं. आणि आधी कोण जाणार? अर्थात मालक. निजाम अली फौजेचा काही भाग घेऊन उत्तरेच्या काठाला गेला. विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण काठावर, आपली पाळी यायची वाट बघत राहिला. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी अर्धा डेटा नव्या मशीनवर आणि अर्धा जुन्यावर असतो, तशी अवस्था. नेमका तेव्हाच घोळ होतो.

१० ऑगस्ट १७६३ ला मराठे लांब लांब मजला मारत येऊन भिडले. सुरुवातीला दादाच अडचणीत आले, शत्रूच्या घोळक्यात सापडले. पिछाडीला राखीव असलेले माधवराव धावून गेले आणि पारडं फिरलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला काही करता आलं नाही. मध्ये नदी. दगाफटका, शौर्य हे सगळं खरं, पण माझं मत विचाराल तर ही लढाई त्या सामानाने आणि पाण्याने ठरवली. सप्टेंबरात औरंगाबादला तह झाला, त्यात ८२ लाखांचा मुलूख निजामाने सोडला.

निजाम अली यातून काय शिकला? ३२ वर्षांनी, ११ मार्च १७९५ ला, हाच निजाम अली खर्ड्याला पुन्हा मराठ्यांसमोर आला, जनानखान्यासकट. (खर्डा आमच्या शिवेलगतच्या जामखेड तालुक्यात.) तोफांच्या आवाजाने बेगमा घाबरल्या, त्यांच्यासाठी त्याने खर्ड्याच्या गढीत आसरा घेतला आणि तिथे कोंडला गेला, असं सांगतात. या वेळी पाण्याचा पूर नव्हता, उलट तुटवडा होता.

राक्षसभुवनला आता गोदावरी श्रावणात तशी फुगेलच असं नाही. वर पैठणला जायकवाडी आहे, १९७६ पासून. धरणातून पाणी सोडलं की मात्र शनीचं देऊळ पाण्यात जातं. आणि 'छावणी' म्हटलं की आमच्याकडे निजाम नाही आठवत, चारा छावणी आठवते. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात अशा शेकडो होत्या, जनावरांबरोबर घरचं एखादं माणूसही तिथेच मुक्कामाला.

नदीकाठी तंबूत राहायला आमची माणसं अजूनही जातात बरं का. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. कृष्णेच्या, भीमेच्या खोऱ्यात कोप्या पडतात. बांबू, चटई, वर प्लास्टिकचा कागद, आत वाकून शिरायचं. त्यांचा पेशखाना म्हणजे स्वतःचीच बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, त्यातच भांडी, धान्य, कोंबड्या आणि पोरं. पाच-सहा महिने मुक्काम. पाणी लांबून आणायचं, संडास बहुतेक ठिकाणी नाही, म्हणून बायका अंधार असेतोवर उरकून येतात आणि मग कोयता घेऊन फडात.